‘आपोआप बरं होईल’ म्हणण्यापूर्वी

आखडलेला खांदा घेऊन आलेल्या रुग्णाला आपण सगळेच एक वाक्य ऐकवतो: ‘घाबरू नका, दीड-दोन वर्षांत हा आपोआप सुटतो.’ पुस्तकात तसं लिहिलेलं आहे, रुग्णाला धीर येतो आणि बाहेर बाकावर आणखी तीस जण बसलेले असतात. पण हे वाक्य रुग्णाबरोबर घरी जातं, तिथे त्याचं काय होतं, याचा विचार या अंकात करायचा आहे.

अंबड तालुक्यातलं वडीगोद्री घ्या. २०२४ च्या जूनमध्ये तिथे झालेल्या एका उपोषणामुळे हे नाव राज्यभरच्या वर्तमानपत्रांत आलं. एरवी जालना-अंबडकडून येणारा रस्ता जिथे धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो ते हे गाव. आजूबाजूला कापूस, ऊस, मोसंबी; जवळच अंकुशनगरचा साखर कारखाना. इथली कामं खांद्यावर आणि डोक्यावर होतात. मोळी उचलायची, चुंबळीवर पाटी चढवायची, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा, मोसंबीची फांदी ओढून फळ तोडायचं. अशा गावात पन्नाशीच्या बाईचा खांदा धरला की ती ‘फ्रोजन शोल्डर’ म्हणत नाही. ‘हात वरच जाईना, रातच्याला लई ठणकतो, वात भरलाय’ असं म्हणते. वेणी घालताना हात डोक्यामागे पोचत नाही, पाठीमागचं हूक लागत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. पहिले दोन-तीन महिने चोळून जातात, मग मेडिकलवरच्या गोळ्यांवर. कुणी बिब्ब्याचा डाग द्यायला सांगतं. ही कुणा एकीची हकीकत नाही. ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने ही बाई पाहिलेली आहे.

ती अखेर दवाखान्यात येते आणि आपण म्हणतो, आपोआप बरं होईल.

या म्हणण्याला आधार आहे, तो आधी मांडू. फ्रान्सच्या दुप्ले यांनी १८७२ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला ‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव दिलं आणि नेव्हियासर यांनी १९४५ मध्ये दोष सांध्याच्या आवरणात आहे हे दाखवून ‘अ‍ॅढेसिव्ह कॅप्सुलायटिस’ म्हटलं. दुखणं, आखडणं आणि सुटणं या तीन टप्प्यांचं चित्र १९७५ च्या रीव्हज यांच्या अभ्यासामुळे पक्कं झालं. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत शेवटचा टप्पा ‘पूर्ववत’ असाच छापला जातो.

पुढच्या अभ्यासांनी हे चित्र इतकं सरळ ठेवलेलं नाही. १९९२ मध्ये शॅफर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया न झालेल्या ६२ रुग्णांना सरासरी सात वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा निम्म्यांना थोडं दुखणं किंवा जखडलेपण उरलेलंच होतं. जिथे हालचाल ठळकपणे कमी होती, तिथे ती बहुतेक एक्स्टर्नल रोटेशनची होती. ऑक्सफर्डच्या हँड आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात, सरासरी साडेचार वर्षांच्या आसपास, ४१ टक्के रुग्णांनी काही ना काही त्रास सांगितला. बहुतेकांचा सौम्य होता, पण सहा टक्क्यांना तीव्र वेदना आणि कामात अडथळा होता. २०१७ मध्ये वाँग आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले आणि उपचाराविना पूर्ण बरं होण्याच्या कल्पनेला पुरावा सापडत नाही असा निष्कर्ष काढला. सुधारणा होते, ती सुरुवातीला जास्त होते आणि पुढे तिचा वेग मंदावत जातो. म्हणजे ‘बसून राहिलं की शेवटी सुटेल’ या हिशेबाच्या अगदी उलट.

मग ‘सुपरवाइज्ड निग्लेक्ट’चं काय, असा प्रश्न येईल. नेदरलँड्सच्या डिअर्क्स आणि स्टीव्हन्स यांचा २००४ चा, ७७ रुग्णांचा अभ्यास अनेक जण पुढे करतात. त्यात दोन वर्षांनी, फारसा हात न लावलेल्या गटातल्या ८९ टक्के रुग्णांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला. दुखण्याची मर्यादा ओलांडून ताणण्याचे व्यायाम दिलेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होतं. आमच्या मते या अभ्यासातून दोन धडे घ्यायला हवेत आणि आपण अर्धाच घेतला. पहिला धडा फिजिओथेरपिस्टसाठी: दुखऱ्या टप्प्यात खांदा जोराने ओढणं घातक आहे. रुग्ण कळवळत असताना ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत हात वर रेटण्याची पद्धत आजही अनेक ठिकाणी दिसते, ती थांबली पाहिजे. दुसरा धडा सगळ्यांसाठी आहे. त्या ‘निग्लेक्ट’ गटातल्या रुग्णांना दुखणं काय आहे ते समजावलं होतं, न दुखेल इतके झुलत्या हाताचे आणि स्वतः करायचे व्यायाम दिले होते, सोसेल तेवढी कामं करायला सांगितली होती आणि त्यांच्यावर लक्ष होतं. आपण त्यातला ‘देखरेख’ हा शब्द गाळला आणि दुर्लक्ष तेवढं ठेवलं.

देखरेखीविना दुर्लक्षाचे परिणाम खांद्यापुरते राहत नाहीत. सांध्याचं आवरण जाड होतं, कोराकोह्युमरल लिगामेंट आखडतं, आतली जागा कमी होते. हे आपल्याला ठाऊक आहे. पण न वापरलेल्या हाताचा डेल्टॉइड वाळतो, खांद्याऐवजी फरा वर उचलून काम करण्याची सवय लागते आणि मान धरते. सगळा भार दुसऱ्या हातावर जातो. काही रुग्णांत पुढच्या काही वर्षांत तो खांदाही आखडतो. रात्रीची झोप महिनोन् महिने तुटते. झोप लागावी म्हणून रोज डायक्लोफिनॅक चालू राहतं आणि मूत्रपिंड व जठर त्याची किंमत मोजतात. उक्तं घेतलेलं काम सुटतं. हात वर जात नाही म्हणून मजुरी गेलेल्या बाईची नोंद आपल्या कोणत्याही केसपेपरवर होत नाही.

सर्वांत मोठं नुकसान मात्र न झालेल्या निदानाचं आहे. मधुमेह्यांत आखडलेल्या खांद्याचं प्रमाण इतरांच्या कित्येक पट असतं आणि त्यांच्यात तो जास्त चिवटही असतो. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या अनेकांना आपल्याला हा आजार असल्याचं माहीतच नसतं. वडीगोद्रीच्या त्या बाईचा खांदा हा कदाचित तिच्या साखरेने दिलेला पहिला निरोप असेल. तो न वाचता तिला परत पाठवलं, तर दोन वर्षांनी खांदा सुटेलही, पण तोवर डोळा आणि पाय बिघडण्याच्या वाटेला लागलेले असतील. बिब्ब्याचा डाग मधुमेहात चिघळतो हे वेगळंच. थायरॉइडच्या न झालेल्या निदानाचंही तसंच.

आणि प्रत्येक आखडलेला खांदा हा फ्रोजन शोल्डर नसतो. झटका येऊन गेल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर मागच्या बाजूला निखळलेला खांदाही बाहेर फिरत नाही. एक्स-रे नीट काढला नाही तर तो महिनोन् महिने ‘आखडलेला’ म्हणून शेकला जातो. फुप्फुसाच्या टोकाची गाठ खांद्यात दुखते. स्नायुबंध तुटलेल्या रुग्णाचा हात स्वतःहून वर जात नाही, पण आपण उचलला तर जातो. हा फरक पाहायला अर्धं मिनिट लागतं: कोपर बगलेला टेकवून, नव्वद अंशांत वाकवून, हात बाहेर फिरवून पाहायचा, आधी रुग्णाने, मग आपण. दोन्ही वेळा अडला आणि एक्स-रे स्वच्छ असला, तरच पुढे बोलायचं.

पुढे काय करायचं, याचं उत्तर खर्चिक नाही, हे समाधानाचं. ब्रिटनमध्ये ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या यूके फ्रॉस्ट चाचणीत तीन उपचारांची तुलना झाली: भूल देऊन खांदा फिरवणं, दुर्बिणीने आवरण सोडवणं आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनसह आखून दिलेली फिजिओथेरपी. वर्षअखेर तिन्हींपैकी कोणताही उपचार रुग्णाला जाणवेल इतका सरस ठरला नाही. इंजेक्शन आणि व्यायाम अंबडला होऊ शकतात. त्यासाठी पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. दुखऱ्या टप्प्यात सांध्यात वेळेवर दिलेलं इंजेक्शन झोप परत देतं आणि व्यायाम शक्य करतं. मधुमेह्याला मात्र पुढचे काही दिवस साखर चढेल हे आधी सांगा आणि ती तपासा.

आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला यायला सांगणं हाही एक प्रकारे नकारच असतो. वडीगोद्रीहून जायचं म्हणजे गाडीभाडं आणि बुडालेला रोज. त्यापेक्षा चार व्यायाम नीट शिकवा, तिच्याकडून समोर करून घ्या: टेबलाला धरून वाकून हात झुलवणं, भिंतीवर बोटांनी चढणं, काठीने हात बाहेर ढकलणं, टॉवेलने पाठीमागे ओढणं. ‘मावशी, दुखेल पण कळ मारेपर्यंत ताणायचं नाही,’ हे तिच्या शब्दांत सांगा. मग तीन-चार आठवड्यांनी एकदा बोलवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तिथे शिकणाऱ्या मुलांना ही तपासणी पहिल्या क्लिनिकल वर्षातच हातात बसावी. असंसर्गजन्य आजारांसाठी तिशीपुढच्यांची साखर गावोगाव तपासली जाते. त्याच रांगेत ‘हात डोक्यामागे जातो का?’ हा एक प्रश्न विचारता येईल. त्यासाठी वेगळी योजना लागत नाही, निधीही लागत नाही.

आमच्या वाचक डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना एकच विनंती आहे. यापुढे आखडलेल्या खांद्याचा रुग्ण समोर आला की केसपेपरवर तीन गोष्टी लिहा: एक्स्टर्नल रोटेशन किती अंश, साखर किती आणि पुढची भेट कोणत्या तारखेला. ‘आपोआप बरं होईल’ हे त्यानंतर सांगा.