सीव्हीत नसलेला मुद्दा

इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे काय? शर्टला कडक इस्त्री, सीव्हीच्या तीन कॉप्या, आदल्या रात्री कंपनीच्या वेबसाइटचं पारायण. पण ज्यांच्या बोटांवर, ओठांपाशी किंवा डोळ्यांच्या कडेला पांढरे डाग आहेत, त्यांच्या यादीत आणखी एक आयटम असतो. फाइल पुढे केली आणि समोरच्याची नजर सर्टिफिकेटवर न जाता हातावरच अडकली, तर करायचं काय?

डॉक्टर याला व्हिटिलिगो म्हणतात, आपल्या आज्या 'कोड' म्हणायच्या. आणि सगळी गोची या शब्दातच आहे बरं का! 'कोड' हा 'कुष्ठ'वरूनच आलेला, वर 'पांढरं कुष्ठ' हे नावही चिकटलेलं. त्यामुळे कुष्ठरोगाशी काडीचा संबंध नसताना त्याची भीती मात्र याच्या वाट्याला आली. प्रत्यक्षात इथे शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. जंतू नाहीत, शेकहँडने लागण नाही. जगात दर दोनशे माणसांत एखाद-दोघांना हे असतं. म्हणजे सकाळच्या गच्च डोंबिवली लोकलमध्ये अशी कितीतरी मंडळी रोज आपल्याला खेटून उभी असतात.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ'ची (२००६) नायिका अशीच डाग असलेली डॉक्टर आहे. तिच्यापुढचा प्रश्न लग्नाचा. आपल्याकडे हा विषय निघतो तोच मुळी स्थळं बघताना. नोकरीचं कुणी बोलतच नाही.

माझी एक डोंबिवलीकर मैत्रीण अकाउंट्सवाली. पहिल्या इंटरव्ह्यूला तिने हातांवर, चेहऱ्यावर कॅमफ्लाज मेकअप थापला. मे महिना, ८ वाजताची गर्दी, ठाण्याला उतरेपर्यंत अर्धा मेकअप ओढणीवर! आतमध्ये तिचं निम्मं लक्ष प्रश्नांकडे आणि निम्मं मनगटाकडे. मेकअप करूच नका असं मी म्हणणार नाही, तो ज्याचा त्याचा चॉइस. फक्त इंटरव्ह्यूच्या दिवशी पहिल्यांदा ट्राय करू नका. आणि लावायचाच तर ऑफिसच्या जवळ पोचल्यावर लावा.

पुढच्या वेळी ती तशीच गेली आणि बसल्या बसल्या स्वतःच म्हणाली, "हे व्हिटिलिगो आहे, कुणाला लागत नाही, कामात काही अडत नाही. सुरू करू या?" दहा सेकंद! माझ्या मते हाच खरा फंडा. कारण न विचारलेला प्रश्न पॅनेलच्या डोक्यात अर्धा तास घोळत राहतो आणि तुमचं बॅलन्स शीटचं उत्तर कुणी ऐकतच नाही. मात्र वाक्य तेवढंच ठेवा. कुठले उपचार केले, किती वर्षं झाली, हा इतिहास सांगत बसायचं नाही. वाक्य घरी आरशासमोर चार वेळा म्हणून बघा, म्हणजे आवाज कापत नाही.

तरीही तिथे तिला नोकरी मिळाली नाही. "क्लायंटसमोर बसायचं असतं हो, समजून घ्या," असं ऐकावं लागलं. यावर "या पोस्टला नेमकी कुठली स्किल्स हवीत?" असं शांतपणे विचारता येतं, तिने विचारलंही. समोर शांतता. तिसऱ्या ठिकाणी मात्र काम झालं.

कायद्याचा आधार? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. कुष्ठरोगातून बरे झालेले आणि ॲसिड हल्ल्याचे बळी त्यात आहेत, व्हिटिलिगो नाही. त्यामुळे निव्वळ डागांवर सर्टिफिकेटही नाही आणि कोटाही नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता असोसिएशन' सुरू केली ती अशाच मंडळींसाठी. त्यांना स्वतःलाही हे डाग आहेत. 'कोड'ऐवजी 'श्वेता' म्हटलं की जिभेवरचं ओझंही जरा कमी होतं.

सिलेक्शन झालं की मेडिकल फॉर्म येतो. त्वचेबद्दल विचारलं असेल, तर तिथे 'काही नाही' लिहू नका. सरळ 'व्हिटिलिगो, असंसर्गजन्य' असं लिहा आणि पुढच्या रकान्याकडे वळा.