समुपदेशकाची गोपनीयता कुठे थांबते?

आठवीतली एखादी मुलगी मधल्या सुट्टीत समुपदेशकांच्या खोलीत येते, एकदा दाराकडे बघते आणि विचारते, "मॅडम, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" शाळेत समुपदेशन करणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. बहुतेक वेळा उत्तरही चटकन दिले जाते, "नाही गं, कुणालाच नाही." मुलीला धीर यावा म्हणून दिलेला हा शब्द पाळता येईलच असे नाही. ती पुढे काय सांगते, यावर ते ठरते.

गोपनीयता हा समुपदेशनाचा पाया आहे. परीक्षेची धास्ती, घरातली भांडणे, वर्गातली चिडवाचिडवी या गोष्टी शिक्षकांच्या खोलीत चर्चेला येणार असतील, तर मूल दुसऱ्यांदा तोंड उघडणार नाही. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण त्याचा रोख मानसिक आजारावरच्या उपचारांकडे आहे. शाळेतले रोजचे समुपदेशन मुख्यतः व्यावसायिक नीतीच्या आधारावर चालते. पुराव्याच्या कायद्यात वकील आणि अशील यांच्यातल्या किंवा पती-पत्नींमधल्या बोलण्याला जसे संरक्षण आहे, तसे समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला नाही. न्यायालयाने साक्षीला बोलावले, तर 'मी शब्द दिला होता' हे कारण पुरत नाही.

सर्वांत ठळक मर्यादा पोक्सो कायद्याची, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याची आहे. 14 नोव्हेंबर 2012 पासून तो लागू झाला. त्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा घडेल अशी धास्ती वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. यालाच 'मँडेटरी रिपोर्टिंग', म्हणजे खबर देण्याची सक्ती, म्हणतात. खबर न देणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर कैद एक वर्षापर्यंत जाते.

ही तरतूद कागदोपत्री आहे असे कुणी समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथे शाळेच्या वसतिगृहातल्या अल्पवयीन मुलींवरील अत्याचारांच्या प्रकरणात, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर माहिती न कळवल्याचा गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही गप्प राहणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. समुपदेशकालाही हीच कसोटी लागू पडते.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातले की आपली जबाबदारी संपली, असे अनेकांना वाटते. कायदा तसे म्हणत नाही. पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य त्या-त्या व्यक्तीचे आहे, आणि वरिष्ठांना सांगून ते पार पडत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही खबर न दिल्याचा गुन्हा दाखल झाला. संस्थेच्या नावाची काळजी मुलांच्या सुरक्षिततेआड येते, ती नेमकी याच टप्प्यावर.

खबर देण्यासाठी पुरावा हातात असावा लागत नाही. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, असे कलम 19 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून समुपदेशकाने तपास अधिकारी होऊ नये. "त्यानेच केलं ना?" यासारखा उत्तर सुचवणारा प्रश्न पुढे खटल्यात मुलीच्याच विरोधात वापरला जातो. "मग काय झालं?" एवढे विचारावे, तिचे शब्द जसेच्या तसे तारीख आणि वेळ घालून लिहावेत, आणि तीच हकिकत तिला चार जणांपुढे पुन्हा सांगायला लावू नये. मुलीचे 'अंगाला हात लावला' हे शब्द 'गैरवर्तन केले' असे सभ्य करून लिहिले, की नोंदीचे निम्मे मोल जाते.

जिवाला धोका दिसला, तरी गोपनीयता मागे पडते. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला एकटे सोडू नये आणि पालकांना त्याच दिवशी विश्वासात घ्यावे. धोका घरातूनच असेल, तर मात्र पालकांना नव्हे, बालकल्याण समितीला किंवा 1098 या चाइल्डलाइनला कळवायचे असते. हा फरक ओळखणे प्रशिक्षित माणसाचे काम आहे.

असा माणूस शाळेत असतो का? 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला. तो आवश्यकच होता. पण गणिताच्या बाईंकडेच समुपदेशनाचा जादा कार्यभार सोपवून तो पाळल्याचे दाखवता येऊ नये. सकाळी गुण देणाऱ्या व्यक्तीकडे दुपारी मन मोकळे करणे मुलाला जड जाते. नेमणूक वर्षाच्या कराराची आणि पगार संस्थेच्या हाती असेल, तर संस्थेच्याच कर्मचाऱ्याविरुद्ध पोलिसांकडे जाण्याचे बळ समुपदेशकाने कोठून आणावे? कायद्याने कर्तव्य व्यक्तीवर टाकले आहे. ते बजावल्याबद्दल नोकरी जाणार नाही, ही हमी शासनाने नेमणुकीच्या अटींतच लिहून द्यायला हवी. गोपनीयतेच्या मर्यादाही जूनमध्येच मुलांना वर्गात आणि पालकांना लेखी सांगितल्या जाव्यात. विश्वास त्याने कमी होत नाही. आधी सांगितलेली मर्यादा मूल समजून घेते, मोडलेला शब्द मात्र विसरत नाही.

एक गाठ शाळेला सोडवता येण्याजोगी नाही. पोक्सोत अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. बारावीतली सतरा वर्षांची मुलगी वर्गमित्राशी असलेल्या शरीरसंबंधाबद्दल आपण होऊन बोलली, तिच्यावर कसलीही जबरदस्ती नसली, तरी ऐकणाऱ्यावर खबर देण्याची सक्ती येते. परिणामी ज्या वयात सल्ल्याची सर्वाधिक गरज असते, त्या वयातली मुले समुपदेशकापासून दूर राहतात, आणि काही समुपदेशक काही प्रश्न मुद्दाम विचारतच नाहीत. लहानग्यांसाठी ही सक्ती अत्यावश्यक आहे आणि ती तसूभरही सैल होऊ नये. मात्र गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिची ओळख सांगण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये मान्य केले आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या परस्परसंमतीच्या, जवळपास एकाच वयातल्या संबंधांपुरती तशी सवलत समुपदेशकांनाही मिळावी, यासाठी संसदेने कायद्यात दुरुस्ती करावी.