जात्याचा फेरा

मायबहिणींनो, बारामतीचे मोरोपंत (१७२९–१७९४) १०८ रामायणांचे कर्ते म्हणून प्रसिद्ध. त्यांतलं ‘निरोष्ठ रामायण’ तर असं, की म्हणताना ओठाला ओठ लागायचा नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे खुद्द ‘राम’ हे नावच बाद! कसब थोर खरं, पण दळताना ते कोण गाईल?

आपल्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी झाली ती ओवीत. ओवीच्या चरणात अक्षरं कमीजास्त चालतात. जात्यावरची ओवी तर आणखी मोकळी. अक्षर कमी पडलं तर ‘गं’, ‘बाई’ घालायचं, सूर लांबवायचा. जात्याच्या फेऱ्यात ओळ बरोबर बसते. तेव्हा आजीच्या ओव्या वहीत उतरवताना ‘चुकल्या’ म्हणून सुधारू नका. आधी तिला गाऊ द्या. घरात जातं राहिलं नसेल, तर नुसता हात फिरवू द्या.