आमचा पाऊस आम्हालाही मोजू द्या

तेर आणि पंचक्रोशीतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

हे पत्रक यंत्राच्या विरोधात नाही. मोबाइलबद्दल, उपग्रहाबद्दल कुणी तोंड उघडलं की लगेच "यांना प्रगती नको" असा शिक्का बसतो, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या गावचं कापड समुद्रापार जात होतं, त्या गावाला नव्याची भीती नाही. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक ग्रंथात आपलं तेर 'तगर' या नावाने आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथून माल गाड्यांत भरून भडोच बंदराला जातो. मोसमी वाऱ्याचं वेळापत्रक दर्यावर्दींना कळलं आणि तो व्यापार फुलला. हिंदुस्थानच्या मालापायी दरसाल पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार रोमचा प्लिनी लिहून गेला. वाऱ्याचं ज्ञान तेव्हाही साम्राज्याच्या तिजोरीपर्यंत पोचत होतं. लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली पोरांना दाखवाल तेव्हा हेही सांगा.

आता आपल्या पावसाकडे येऊ. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. तो मोजणारं स्वयंचलित केंद्र मंडळाला एक. 'महावेध' प्रकल्पातून शासनाने खासगी कंपनीच्या भागीदारीत ही केंद्रं उभारली. मंडळात गावं कितीतरी, आणि मराठवाड्यातला पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. एका शिवारात बांध फुटतात आणि ओढ्यापलीकडे धुरळा उडत असतो. केंद्रावर साठ मिलिमीटर नोंदले गेले आणि तुमच्या रानात शंभर पडला, तर कागदावर खरा कोणता? साठच. तुमच्या रानातला पाऊस सरकारच्या लेखी पडलेलाच नसतो.

२०२०चा खरीप आठवा. ऑक्टोबरच्या पावसात काढलेलं सोयाबीन गंजीत सडलं, उभ्याला कोंब फुटले. विमा कंपनीने काय विचारलं? पीक गेलं का, हे नाही. ७२ तासांच्या आत कळवलं का, हे विचारलं. चिखलात वीज नाही, फोन चार्ज नाही, रेंज नाही, आणि ॲपवर पूर्वसूचना द्यायची! मुदतीत कळवलं नाही म्हणून जिल्ह्यातल्या लाखो शेतकऱ्यांना बाजूला ठेवलं गेलं. कोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठे मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला. पीक जायला एक रात्र लागली होती.

२०२५च्या खरिपापासून राज्याने स्थानिक आपत्तीची आणि काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाई विम्यातून काढली. उरला पीक कापणी प्रयोग, आणि त्याच्या जोडीला उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला उत्पादनाचा अंदाज. त्याच सप्टेंबरात पुराने जिल्ह्यात जमिनी खरडून नेल्या. कापणी प्रयोग निदान शेतात होतो, चार माणसं बघतात, वजनकाटा दिसतो. उपग्रहाचा अंदाज कुठे बसून, कोणत्या गणिताने निघाला, हे विचारायला तलाठ्याकडे जा, तो कृषी सहायकाकडे बोट दाखवेल, तो पोर्टलकडे.

दुष्काळाचंही तेच. पूर्वी पैसेवारी लागायची, पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावोगाव भांडणं व्हायची. भांडण तरी करता यायचं. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेनंतर पावसाची तूट, उपग्रहाने पाहिलेला हिरवेपणा, जमिनीतला ओलावा असे निर्देशांक आले. २०२३ मध्ये पहिल्या यादीत ४० तालुके दुष्काळी ठरले. आपल्या जिल्ह्यातले वाशी, लोहारा आणि आपला धाराशिव त्यात होते. कळंब, भूम, परंडा, तुळजापूर, उमरगा नव्हते. आपण आत होतो म्हणून गप्प बसायचं का? पुढच्या खेपेला रेघ उलटी पडेल.

सरकार म्हणतं, यंत्र पक्षपात करत नाही. खरं आहे. पण यंत्र कुठे बसवायचं, ६५चा आकडा की ५५चा, मुदत ७२ तास की सात दिवस, हे यंत्र ठरवत नाही, माणसं ठरवतात. सत्ता त्या ठरवण्यात आहे आणि नेमकं तेच पडद्याआड आहे.

हे फक्त तेरचं रडगाणं नाही. १९८०च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. पावसाची गणितं करणारं यंत्र अणुबाँबचीही करू शकतं, म्हणून अमेरिकेने हात आखडता घेतला. मागितल्यापेक्षा कमी ताकदीचा दिला, तोही वापरावर अटी घालून. दिल्लीला ते झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. वाट दाखवणारे उपग्रह परक्यांचेच का असावेत, म्हणून २०१३ पासून आपण 'नाविक'चे उपग्रह सोडले. आम्हाला या दोन्हींचा अभिमान आहे. पण जो देश वॉशिंग्टनला म्हणाला की आमच्या पावसाचं गणित आम्ही करू, त्याच देशाचं सरकार तेरच्या शेतकऱ्याशी वॉशिंग्टनसारखं वागतं. आकडा आमचा, अटी आमच्या, तू फक्त अंगठा दे!

आणि अंगठे तरी किती द्यायचे? आधार झालं. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे आपणच रानात उभं राहून पिकाचा फोटो पाठवायचा. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. आपलं रान, पीक, कर्ज सगळं त्यांना दिसतं. त्यांचं गणित आपल्याला दिसत नाही.

याच गावात गोरोबाकाकांनी कुंभाराचं थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. नामदेव कच्चे ठरले आणि रागावले. पण तपासणारा समोर बसलेला होता, हत्यार सगळ्यांना दिसत होतं, निकाल तोंडावर सांगितला गेला, आणि पुढे काय करायचं याची वाट नामदेवांना मोकळी होती. गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे ते गेलेच. तुमचा अर्ज 'रिजेक्टेड' झाला तेव्हा थापटणं कुणाच्या हातात होतं, सांगता येईल?

कुणी म्हणेल, पावसाचे आकडे शासनाच्या संकेतस्थळावर असतात की. असतात. तिथे तुम्ही आकडा वाचू शकता, त्यावर हरकत घेऊ शकत नाही. भारत आणि पाकिस्तान सीमेवर एकमेकांवर बंदुका रोखून असतात, तरी जागतिक हवामान संघटनेच्या व्यवस्थेत दोघंही आपल्या नोंदी देतात, कारण दुसऱ्याच्या मापाशिवाय आपलं माप पारखता येत नाही हे दोघांनाही कळतं. मग तेरच्या मापाचं सरकारला वावडं का?

म्हणून ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. ग्रामपंचायतीने आणि शाळेने साधं पर्जन्यमापक बसवावं. हवामान खातं वाचतं तसं रोज सकाळी साडेआठला वाचावं, वहीत दोन ग्रामस्थांच्या सह्यांनी नोंदवावं, चावडीवरच्या फळ्यावर लिहावं. आठवीतलं पोरगं हे करू शकतं. मंडळाच्या आकड्यात आणि गावाच्या आकड्यात मोठा फरक पडला तर तहसीलदारांनी जागेवर येऊन पंचनामा करावा. पीक कापणी प्रयोगाचा दिवस आधी दवंडी देऊन सांगावा. उपग्रहाच्या अंदाजाने उत्पादन ठरवलं असेल तर आपल्या मंडळाचा अंदाज आणि काट्यावरचं वजन शेजारी शेजारी लावावं. दावा किंवा अर्ज फेटाळला तर मराठीत, कारणासह, अधिकाऱ्याच्या नावासह कागद मिळावा; 'सिस्टिम घेत नाही' हे उत्तर आम्ही घेणार नाही. आणि ओळख क्रमांकाखालची आमची माहिती कोणत्या खात्याने, कोणत्या बँकेने, कोणत्या कंपनीने पाहिली याची यादी मागेल त्याला द्यावी.

ठराव नुसत्या हात वर करण्याने टिकत नाही, त्याला पुरावा लागतो. ग्रामसभेला येताना सातबारा, विमा भरल्याची पावती, पूर्वसूचना दिल्याचा मेसेज, फेटाळल्याचा मेसेज, आणि फोनमध्ये पाण्यात उभ्या पिकाचे फोटो असतील तर तारखेसह घेऊन या. ज्यांचा फोन त्या पावसात बंद होता, त्यांनी तेच एका कागदावर लिहून, सही करून आणावं.

– तेर येथील शेतकरी