ताश्कंद : पुतळे बदलले, माणसे राहिली

ताश्कंद हे नाव आपल्याकडे बहुतेक घरांत एकाच कारणाने माहीत असते. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, लगेच उत्तर येईल, "शास्त्रीजी गेले ते गाव ना?" उझबेकिस्तानची ही राजधानी दिल्लीहून विमानाने तीन तासांच्या आसपास आहे. दिल्लीहून चेन्नईला जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच. तरीही आपल्या मनात ती फार दूर राहिली आहे. समरकंद, बुखारा पाहायला निघालेले प्रवासीसुद्धा ताश्कंदला रात्रीपुरते टेकतात आणि सकाळी गाडी पकडतात. "तिथे जुने काही उरलेले नाही," असे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते.

ते अर्धेच खरे आहे. जुने फारसे उरले नाही, पण ते का उरले नाही आणि त्याच्या जागी काय उभे राहिले, हेच या शहरात पाहण्यासारखे आहे. दोन दिवस हाताशी ठेवून इथले चौक, पुतळे आणि मशिदी पायी फिरून पाहिल्या, तर दीडशे वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढून सरकतो.

शास्त्रीजींच्या रस्त्यावर

भारतीय माणसाने सुरुवात लाल बहादूर शास्त्रींच्या स्मारकापासूनच करावी. त्यांच्या नावाचा रस्ता या शहरात आहे आणि तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. त्यांच्या नावाची एक शाळाही आहे. तिथली उझबेक मुले हिंदी शिकतात. भारतीय दूतावासाच्या सांस्कृतिक केंद्रालाही त्यांचेच नाव दिलेले आहे.

1965 चे भारत-पाक युद्ध थांबल्यावर सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी दोन्ही देशांना ताश्कंदला बोलावले. आपल्याकडून शास्त्रीजी गेले. सोबत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग होते आणि संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण होते. 10 जानेवारी 1966 रोजी शास्त्रीजी आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांनी करारावर सह्या केल्या. दोन्ही सैन्यांनी 5 ऑगस्ट 1965 पूर्वीच्या जागी परत जायचे ठरले. जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंडही त्यात परत द्यावी लागली. त्याच रात्री, म्हणजे 11 जानेवारीच्या उत्तररात्री, शास्त्रीजींची प्राणज्योत मालवली. त्या मृत्यूविषयीच्या शंका आपल्या देशात अजूनही शमलेल्या नाहीत. पण त्या सकाळचे एक दृश्य विसरू नये असे आहे. चार महिन्यांपूर्वी ज्यांच्याशी युद्ध चालले होते, त्या अयूब खानांनी शास्त्रीजींच्या शवपेटीला खांदा दिला.

पुतळा लहानसाच आहे. शास्त्रीजी स्वतः मूर्तीने लहान होते, त्यांना भव्य पुतळा शोभलाही नसता. फुले मात्र सोबत न्यावीत. परक्या मुलखात आपल्या माणसापुढे रिकाम्या हाताने उभे राहू नये.

एक चौक, चार धनी

शहराच्या मधोमध अमीर तिमूर चौक आहे. आजूबाजूला 1974 चे उझबेकिस्तान हॉटेल आहे, 1947 चा घड्याळाचा मनोरा आहे, आणि 1996 मध्ये उघडलेले तिमूरचे संग्रहालय आहे. मध्यभागी घोड्यावर स्वार झालेला तिमूर उभा आहे. हा तोच तैमूरलंग, ज्याने 1398 च्या डिसेंबरात दिल्ली लुटली, कत्तल केली, आणि आपले कारागीर व हत्ती समरकंदला नेले. त्याच्या पुतळ्याखाली "सामर्थ्य न्यायात आहे" या अर्थाचे वाक्य कोरले आहे. ते वाचून भारतीय माणसाच्या कपाळाला आठी पडली, तर त्याला दोष देता येणार नाही.

पण जरा थांबून या जागेची कहाणी ऐकावी. रशियन झारच्या सैन्याने हा मुलूख जिंकला, तेव्हा पहिला गव्हर्नर-जनरल झाला काउफमान. 1913 मध्ये इथे त्याचे स्मारक उभारले. क्रांती झाली आणि ते निघाले. पुढे स्टालिन इथे आला. त्याची सद्दी संपल्यावर तोही गेला आणि 1968 मध्ये कार्ल मार्क्सचे दाढीवाले मस्तक बसले. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला, उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. 1993 मध्ये मार्क्सची जागा तिमूरने घेतली. ऐंशी वर्षांत चार धनी! चौकातली झाडे या सर्वांना सावली देत होती. 2009 मध्ये तिथले जुने चिनार मात्र तोडले गेले, आणि गावातल्या वृद्धांना पुतळ्यांपेक्षा त्या झाडांचीच हळहळ अधिक वाटली.

नव्या राष्ट्राला स्वतःचा म्हणता येईल असा कुणी पुरुष हवा होता. झारचा सेनापती चालणार नव्हता, रशियातून आलेला किंवा जर्मनीत जन्मलेलाही नको होता. शहरिसब्झजवळ जन्मलेला, समरकंदला वैभव देणारा तिमूर त्यांना सापडला. एकाच्या देवघरातला पुरुष दुसऱ्याच्या इतिहासात लुटारू असू शकतो. हे आपल्याला नवे नाही, आपल्याही देशात प्रांतोप्रांती असे होते. तिथे जाऊन हात जोडायची गरज नाही, आणि यजमानांशी वाद घालायचीही नाही. दिल्लीची आठवण मनात ठेवावी आणि पुढे चालावे.

लेनिनच्या जागी पृथ्वीगोल

पुढचा मुक्काम स्वातंत्र्य चौक, त्यांच्या भाषेत मुस्तकिल्लिक मैदान. पूर्वी हा लेनिन चौक होता. लेनिनचा अजस्र पुतळा 1992 मध्ये उतरवला आणि त्या जागी पृथ्वीचा गोल बसवला. त्यावर उझबेकिस्तानचा नकाशा ठळक दाखवला आहे. गोल पाहून एखाद्याला गंमत वाटेल, कारण साऱ्या पृथ्वीवर जणू हा एकच देश आहे! 2005 मध्ये त्या गोलाखाली बाळाला कुशीत घेतलेल्या आईची मूर्ती आली. प्रवेशाच्या कमानीवर उडते करकोचे आहेत, ते तिथे शुभ मानतात.

याच परिसरात थोडे आत चालत गेले की दुसरी एक आई भेटते. ती मान खाली घालून बसली आहे, समोर अखंड ज्योत तेवते आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या उझबेकिस्तानच्या सैनिकांचे हे स्मारक 1999 मध्ये झाले. बाजूच्या लाकडी खांबांच्या ओसरीत धातूची मोठमोठी पाने पुस्तकासारखी लावली आहेत आणि त्यांवर मृतांची नावे कोरली आहेत. ती चार लाखांहून अधिक आहेत. प्रांतवार, गाववार लावलेली ही पाने उलटता येतात. आजोबांचे नाव शोधणारी नातवंडे तिथे दिसतात. इथे आवाज आपोआप खाली येतो. तिमूरच्या चौकात माणसे फोटो काढतात. इथे तीच माणसे आधी काही वेळ नुसती उभी राहतात.

भंगलेला दगड

शास्त्रीजी गेले त्याच वर्षी, साडेतीन महिन्यांनी, 26 एप्रिल 1966 रोजी पहाटे साडेपाचच्या आत ताश्कंद हादरले. भूकंपाची तीव्रता पाचच्या थोडी वर होती, म्हणजे आकडा फार मोठा नव्हता. पण केंद्र थेट शहराच्या पोटात होते आणि तेही जेमतेम काही किलोमीटर खोल. त्यामुळे धक्का बाजूने न येता खालून वर आला. मातीच्या विटांची जुनी घरे कोसळली, आणि सुमारे तीन लाख लोक उघड्यावर आले. घरे बहुधा एकमजली आणि हलक्या छपरांची असल्यामुळे जीवितहानी मात्र त्या मानाने फारच थोडी झाली.

जुने ताश्कंद गेले ते असे. सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून गवंडी, सुतार, अभियंते आले आणि साडेतीन-चार वर्षांत त्यांनी नवे शहर उभे केले. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, कारंजी आणि चौकोनी इमारती हे सारे तेव्हाचे आहे. 1977 मध्ये इथे भुयारी रेल्वे धावली, मध्य आशियातली ती पहिलीच. तिची स्थानके संगमरवर, झुंबरे आणि नक्षीने अशी सजवली आहेत की तिकीट काढून नुसती स्थानके पाहत फिरावे. 2018 पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती, आता ती उठली आहे.

भूकंपाचे स्मारक 1976 मध्ये झाले. काळ्या दगडाचा एक ठोकळा मधोमध भंगलेला आहे. एका बाजूवर तारीख आहे आणि दुसऱ्या बाजूवर त्या क्षणी थांबलेले घड्याळ आहे. जमिनीतली भेग पुढे सरकत एका कुटुंबाच्या पायांपर्यंत येते. पुरुष हात पुढे करून ती जणू थोपवतो आहे, पाठीशी बायको आणि कडेवर मूल आहे. लग्न झाले की नवरा-नवरी इथे फुले वाहायला येतात. संसाराच्या पहिल्याच दिवशी भूकंपाच्या स्मारकाला जायचे, ही रीत ऐकायला विचित्र वाटते. पण घर कशाने टिकते, हे त्या मूर्तीइतके नेमके दुसरे कोण सांगणार?

लोहाराचे पंधरा लेकरू

माझ्या मते ताश्कंदमधला सर्वांत मोलाचा पुतळा एका लोहाराचा आहे. शोअहमद शोमहमूदोव आणि त्यांची पत्नी बाहरी या जोडप्याला स्वतःचे मूल नव्हते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा रशियात घुसल्या, तेव्हा तिकडून आगगाड्या भरभरून माणसे ताश्कंदला आली. त्यांत हजारो अनाथ मुले होती. गावात धान्याची टंचाई होती, सगळे काही मोजून मिळत होते. अशा दिवसांत या दोघांनी एक-एक करत पंधरा मुले घरी आणली. कुणी रशियन, कुणी युक्रेनी, कुणी ज्यू, कुणी तातार. लोहाराच्या भट्टीवर ती सारी वाढली. तशीच मुले घेणारी इतरही घरे शहरात होती, हे जोडपे त्या सर्वांचे प्रतीक ठरले.

1982 मध्ये त्यांचे शिल्प एका मोठ्या सभागृहासमोर उभारले. 2008 मध्ये ते तिथून हलवून शहराच्या कडेला नेले. सुमारे दहा वर्षांनी, राज्यकर्ते बदलल्यावर, ते पुन्हा मूळ जागी आणले. काउफमान, स्टालिन, मार्क्स गेले, त्यांना परत आणा असे कुणी म्हटले नाही. लोहार मात्र परत आला. यातच सगळे आले.

जुन्या गावातल्या मशिदी

भूकंपातून वाचलेले जुने गाव पाहायचे तर हजरत इमाम परिसरात जावे. स्थानिक लोक त्याला हस्त इमाम म्हणतात. दहाव्या शतकातले विद्वान कफ्फाल शाशी यांची कबर इथे आहे, तिच्यावरची इमारत सोळाव्या शतकातली. समोर त्याच शतकातला निळ्या घुमटांचा बराक खान मदरसा आहे. सोव्हिएत राजवटीत बहुतेक मशिदींना कुलुपे लागली होती, तेव्हा 1943 मध्ये स्थापन झालेल्या मध्य आशियाई मुसलमानांच्या धार्मिक मंडळाचा कारभार याच मदरशातून चालत असे. शेजारी एकोणिसाव्या शतकातली तिल्ला शेख मशीद आहे. 2007 मध्ये इथे नवी हजरत इमाम मशीद बांधली. तिचे दोन मनोरे पन्नास मीटरांहून उंच आहेत. दर्शनी ओसरीचे कोरीव खांब भारतातून आणलेल्या चंदनाचे आहेत, असे तिथे अभिमानाने सांगतात.

या परिसराची खरी कीर्ती एका ग्रंथामुळे आहे. कातड्यावर लिहिलेली कुराणाची ही प्रत तिसरे खलिफा उस्मान यांची, अशी श्रद्धा आहे. अभ्यासक ती त्यानंतरची, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराची मानतात. तरीही जगातल्या अतिप्राचीन प्रतींत तिची गणना होते. युनेस्कोने 1997 मध्ये तिची नोंद घेतली. तिचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. समरकंदहून झारच्या अधिकाऱ्यांनी ती सेंट पीटर्सबर्गला नेली, क्रांतीनंतर ती उफा शहरात गेली, आणि तिथून ताश्कंदला आली.

तिथून जवळच चोरसू बाजार आहे. त्याच्या निळ्या घुमटाखाली सुकामेवा, मसाले, लोणची आणि घमघमणारी नाने मिळतात. बाजाराला लागून सोळाव्या शतकातला कुकेलदाश मदरसा आणि टेकाडावर खोजा अहरार जुम्मा मशीद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची डागडुजी रशियन झारच्या पैशाने झाली. आजची तीन घुमटांची इमारत मात्र नवी आहे. आणि अगदी अलीकडची मशीद पाहायची तर अनखोर कालव्याच्या काठी 2014 मध्ये उघडलेली मिनोर मशीद पाहावी. पांढऱ्याशुभ्र संगमरवराची ती इमारत संध्याकाळी दिवे लागल्यावर विशेष खुलते.

जाण्यापूर्वी

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि जानेवारीत थंडी हाडे गोठवते. मशिदीत जाताना पादत्राणे बाहेर काढावीत, अंगभर कपडे असावेत, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, तेव्हा पाहुण्यांनी बाजूला थांबावे. शाकाहारी मंडळींची नान, फळे, कोशिंबिरी आणि भोपळ्याचे सामोसे यांवर सोय होते. पुलावात मात्र मांस असतेच, आधी विचारून घ्यावे.

भाषेची फार काळजी नको. बाजार, दुकान, मेवा, अनार, पियाला, हवा हे शब्द थोड्या वेगळ्या उच्चारात तिथेही आहेत. नमस्कार करायचा तर उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकावे, आणि निरोप घेताना "रहमत" म्हणावे. त्याचा अर्थ आभारी आहे. आणि भारतातून आलो म्हणून सांगितलेत की एखादे आजोबा राज कपूरचे नाव घेतील, दुसरे एखादे शास्त्रीजींचे. पहिल्यावर हसावे. दुसऱ्यावर मात्र क्षणभर थांबून, छातीवर हात ठेवून "रहमत" म्हणावे. आपल्या माणसाची आठवण त्यांनी एवढी वर्षे सांभाळली आहे.