तुळईच्या तीन बाजू

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत सार्वजनिक इमारतींची जी अंदाजपत्रके सरकारी दप्तरी दाखल होतात, त्यांत लोखंड व सिमेंट यांच्या हिशेबाकडे साऱ्यांचे लक्ष असते. परंतु सेंट्रिंग, गिलावा व रंग ही कामे चौरस मीटरने मोजली जातात, आणि ठेकेदार व खाते यांच्यातील तंट्याचे मूळ पुष्कळदा याच मोजणीत दडलेले असते.

संगणकावर इमारतीची त्रिमित प्रतिकृती रचणाऱ्या आधुनिक प्रणालींत कॉलम, तुळई वा भिंत यांची एकेक बाजू निवडून तीवर स्वतंत्र पृष्ठथर चढविता येतो, त्यास नाव देता येते आणि त्याचे क्षेत्रफळ तत्क्षणी हाती येते. सोय मोठी खरी. परंतु कोणती बाजू निवडावी, हा विवेक माणसाचाच. २३० मिलीमीटर रुंद व ४५० मिलीमीटर उंच तुळईला दोन्ही अंगांनी १२५ मिलीमीटरचा स्लॅब मिळत असेल, तर सेंट्रिंग केवळ तळाला आणि ३२५ मिलीमीटरच्या दोन बाजूंना लागते. दर मीटर लांबीस ०.८८ चौरस मीटर. बेफिकिरीने चारही बाजूंवर पूर्ण थर चढविल्यास तोच आकडा १.३६ होतो, आणि दीडपटीहून अधिक रक्कम यंत्राच्या साक्षीने बिनबोभाट मंजूर होते.

आपल्या मुलखात तर सर्व बाजू सारख्या नाहीतच. महाबळेश्वरी पावसाळ्यापूर्वी भिंतींवर आच्छादने चढतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. असे असता पूररेषेखालच्या आणि वरच्या भिंतीस एकच गिलावा व एकच दर लावणे, हा निव्वळ सवयीचा अंमल होय. पूररेषेपर्यंतचा थर निराळा दाखविला, तर त्याचा मसाला, दर आणि पुढील दुरुस्ती यांचा तपशील आरंभीच निश्चित होईल.

सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवीत आली आहेत. बाजू पारखून थर दाखविण्याची ही शिस्त तेथील अभ्यासक्रमात रुजावी. बांधकाम खात्यानेही निविदेसोबत अशी नावे दिलेल्या पृष्ठथरांची प्रतिकृती मागवावी, मोजमाप पुस्तिकेत नोंद करण्यापूर्वी जागेवर टेप लावून पडताळा घ्यावा, आणि ज्या थराचे प्रयोजन लिहिलेले नाही त्याचे देयक रोखून धरावे.