तळे खुले आहे, ओंजळ कोण भरणार?

निफाडच्या द्राक्षबागेत लोखंडी खांबावर हवामान यंत्राची पेटी उभी असते. ती पानांचा ओलावा मोजते, हवेतली आर्द्रता मोजते आणि डावणीचा धोका दिसला की मालकाच्या मोबाईलवर संदेश पाठवते. त्याच खांबाखाली आपली माणसे राबतात. कुणी गावच्या वस्तीतली, कुणी पेठ-सुरगाण्याहून आलेली आदिवासी भावंडे. फवारणीचा ढग त्यांच्या अंगावर येतो. मे महिन्याच्या उन्हात त्यांनाच भोवळ येते. पेटीला वेलीचे दुखणे कळते, मजुराचे कळत नाही.

का कळत नाही? तापमान आणि आर्द्रता पेटी मोजतेच आहे. या दोन आकड्यांवरून उन्हातले काम कधी थांबवावे याचा इशाराही देता येतो. पण हा प्रश्न पेटीत कुणी लिहिलाच नाही. जो प्रोग्राम लिहितो, तोच यंत्राने कुणाची काळजी करायची हे ठरवतो.

जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. आज तीच विभागणी चिपमध्ये उतरली आहे. एकाने प्रोग्राम लिहायचा, दुसऱ्याने यंत्र विकायचे आणि आपल्या पोराने खांबासाठी खड्डा खणायचा. फार झाले तर एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेऊन डेटा एंट्री करायची. यंत्राच्या तळाशी काय चालते, हे आपल्याला कुणी शिकवत नाही आणि आपणही विचारत नाही.

म्हणून मी आज मायक्रोपायथनबद्दल लिहितो आहे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. त्याच्यावर चालेल इतका हलका पायथन इंटरप्रिटर डेमियन जॉर्ज यांनी तयार केला आणि २०१३ साली लोकवर्गणीतून तो उभा राहिला. सुमारे २५६ केबी जागा आणि १६ केबी रॅम एवढ्यात तो चालू शकतो. एमआयटी परवान्यामुळे त्याचा सोर्स कोड कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा. कुणाची परवानगी लागत नाही.

इथे काही मित्र म्हणतात, ‘ज्ञान आता सर्वांना खुले आहे, मग जातीचे रडगाणे कशाला?’ त्यांना महाडचा इतिहास आठवून द्यावा लागतो. मुंबई कायदेमंडळात बोले ठराव १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा ते खऱ्या अर्थाने खुले झाले, आणि त्यासाठी आपल्या माणसांना लाठ्या खाव्या लागल्या. परवाना हाही एक ठरावच आहे. लॅपटॉप, इंग्रजी आणि मोकळा वेळ या तीन पायऱ्या कोणत्याही परवान्यात लिहिलेल्या नसतात.

ओंजळ भरायची म्हणजे काय करायचे? नव्या बोर्डावर हा इंटरप्रिटर स्वतः चढवायचा. यालाच पोर्ट करणे म्हणतात. चिप ओळखीच्या घराण्यातली असेल, म्हणजे एसटीएम३२, ईएसपी३२ किंवा आरपी२०४०, तर काम सोपे आहे: बोर्डाचे नाव, पिनांची यादी, फ्लॅशचा आकार अशी माहिती देणारे नवे फोल्डर तयार करायचे. चिप अनोळखी असेल, उदाहरणार्थ सी-डॅकची थेजस३२, तर ‘मिनिमल’ नावाच्या सांगाड्यापासून सुरुवात करायची. चिप जागी करणारा कोड, घड्याळाचा वेग, मेमरीचा नकाशा हे सगळे डेटाशीट वाचून लिहायचे. मग दोन फंक्शन: एक सिरियल तारेतून अक्षर घेणारे, एक अक्षर पाठवणारे. इतके जमले की पडद्यावर >>> ही खूण उमटते. पिना, टायमर, सेन्सर त्यानंतर.

‘तयार बोर्ड मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला?’ प्रश्न रास्त आहे. मजुराला उन्हाचा इशारा देणारी पेटी तयार बोर्डावरही चालेल, आणि ती उद्याच बनवावी. पण तयार बोर्ड बंद पडला की आपण पुन्हा दुकानदाराच्या दारात. ज्याने एकदा पोर्ट केले त्याला यंत्र का बंद पडले ते कळते. उद्या दुसरी स्वस्त चिप आली तरी तो अडत नाही. शिवाय २ केबी रॅमच्या चिपवर हे मावणार नाही, हेही तो कुणाला न विचारता सांगू शकतो.

‘पोटाचा प्रश्न असताना हे चोचले?’ असेही विचारले जाईल. पोर्ट केल्याने मजुरी वाढत नाही, जमीन मिळत नाही. ती लढाई लढावीच लागेल. पण बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयकडे शिष्यवृत्त्या मागितल्या, तेव्हा विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी मुद्दाम मागितल्या. त्यांना पोटाचा प्रश्न आपल्यापेक्षा कमी कळत होता काय?

तेव्हा मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा. तेवढ्यात काही बोर्ड आणि केबली येतील. समाजमंदिरात एक जुना लॅपटॉप ठेवा. कंपायलर फुकट आहे. डेटाशीट इंग्रजीत आहे, तर चौघांनी मिळून एकेक पान वाचा आणि मराठीत टिपणे काढा. ती टिपणे पुढच्या पोरांसाठी पायरी ठरतील. पहिल्या दिवशी काही चालणार नाही, पडदा कोराच राहील. राहू द्या.

ज्या दिवशी निफाडच्या एखाद्या वस्तीत ती >>> खूण उमटेल, त्या दिवशी पहिला प्रोग्राम लिहा: ऊन किती आहे, आणि माझ्या आईने आता सावलीत बसावे की नाही?

जय भीम!